हंगामातलं लायसन

दिवाळीचे फटाके थांबले की कोल्हापूरच्या चारी बाजूंच्या रस्त्यांचा वेग बदलतो. कालपर्यंत सरळ संपणारी वाट आज संपत नाही. पुढं उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो, त्याच्या टपावर भोंगा असतो, आणि त्यातलं गाणं आपल्याला हवं असो नसो, रस्ता मोकळा होईपर्यंत ऐकावं लागतं. ट्रॉलीतून सुटलेला एखादा ऊस डांबरावर पडलेला असतो, त्याच्यावरून चाकं जाऊन जाऊन त्याचा चोथा झालेला असतो. काच खाली केली की मळीचा वास येतो. बाहेरगावचे लोक नाकाला रुमाल लावतात. मी काच खालीच ठेवते.

वारणानगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि रोज कोल्हापूरहून गाडीनं जाऊन येऊन असते. परवा पहिल्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात कोरं करकरीत लायसन. "मॅडम, फोटो बघू नका, नाव बघा," म्हणाली. मी नाव बघितलं, फोटोही बघितला. सगळ्यांचा येतो तसाच आला होता, चोरी करताना पकडल्यासारखा. ती मात्र ते कार्ड परत घेताना असं धरत होती की त्यावर बोटाचा ठसासुद्धा उमटू नये. संध्याकाळी परतताना मी ट्रॉलीमागं अडकले, भोंगा ऐकत बसले, आणि मला माझा अठराव्या वर्षाचा हंगाम आठवला.

आमच्या घरात वर्षाचे दोनच भाग होते. हंगाम, आणि हंगाम नसलेला काळ. पप्पा साखर कारखान्यात केमिस्ट. उसाचा रस, पाक, साखर, सगळ्याची तपासणी त्यांच्याकडं. कारखाना कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर, आणि एकदा बॉयलर पेटला की तो दिवसरात्र चालतो, त्यामुळं हंगामात पप्पा तिथल्या क्वार्टरमध्येच राहायचे. माझ्या शाळेसाठी मम्मी आणि मी साने गुरुजी वसाहतीतल्या घरात. सुट्टीच्या दिवशी पप्पा एसटीनं यायचे, जेवायचे आणि झोपायचे. त्यांचे कपडे मम्मी वेगळे भिजवायची, कारण पाण्यावर चिपाडाची काजळी तरंगायची.

घरात काहीही मागितलं, काहीही सुचवलं, तरी पप्पांचं उत्तर एकच. "हंगाम संपू दे." भिंतींना रंग द्यायचाय, हंगाम संपू दे. मम्मीला आजऱ्याला माहेरी चार दिवस जायचंय, हंगाम संपू दे. आणि हंगाम संपला की ऊन असायचं, पप्पा दमलेले असायचे, मग कारखान्यात दुरुस्तीची कामं निघायची, मग पाऊस. पप्पा वाईट नव्हते. ते खरंच दमायचे. पण घराच्या भिंती माझ्या तिसरीपासून बारावीपर्यंत एकाच रंगाच्या राहिल्या.

घरासमोर एक छोटी पांढरी गाडी होती. हंगामात ती ताडपत्रीखाली झोपलेली असायची. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मम्मी ती सुरू करायची. तेसुद्धा शेजारच्या सीटवर बसून, हात लांब करून किल्ली फिरवायची. इंजिन थोडा वेळ चालू ठेवायची, समोर बघत बसायची, मग पुन्हा हात लांब करून बंद करायची. ड्रायव्हरच्या सीटवर ती बसायची नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं. कारण ते घडलं तेव्हा मी मागच्या सीटवर होते. मी तिसरीत असेन. पप्पा मम्मीला रंकाळ्याच्या कडेच्या रस्त्यावर गाडी शिकवत होते. दुसराच दिवस होता. गाडी धक्के खात होती आणि पप्पांचा आवाज चढत होता. "क्लच. क्लच म्हणतोय न्हवं मी. एवढं सोपं कळंना व्हय तुला?" मम्मीनं गाडी कडेला घेतली. नीट थांबवली, हँडब्रेक ओढला, खाली उतरली, मागचं दार उघडून माझा हात धरला आणि आम्ही घरी चालत आलो. पप्पा आमच्या मागून गाडी मुंगीच्या पावलानं चालवत होते. घरी येऊन तिनं भाकरी थापल्या. त्या विषयावर नंतर कुणी बोललं नाही.

मला अठरा पूर्ण झाली ती दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. मी त्याच आठवड्यात जाहीर केलं की मला लायसन काढायचंय. गाडीचं म्हणजे चारचाकीचं. पप्पांना फोन लावला तर पलीकडून यंत्रांची घरघर आणि तेच उत्तर. "हंगाम संपू दे. आत्ता रस्त्यावर ट्रॉल्या हायत."

मम्मी शेंगा फोडत बसली होती. तिनं हात झटकले आणि माझ्याकडून फोन घेतला.

"तिला आत्ताच शिकू दे," ती म्हणाली. "ट्रॉल्या असताना शिकली तर पुढं कशालाच भिणार नाही."

 मग पप्पा म्हणाले, "मग एकटी नको. तू जा तिच्यासंगं."

अशी माझ्या शिकण्यात मम्मी आली, मागच्या सीटवर, अंगाभोवती शाल घेऊन.

मला शिकवायला ड्रायव्हिंग स्कूलचे शिकलगारमामा होते. उंच, काटकुळे, तोंडात सतत बडीशेप. पूर्वी गगनबावड्याच्या घाटातून कोकणात भाजीचा ट्रक न्यायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. मी गाडी गचकन सोडली की म्हणायचे, "गाडीला घाई न्हाय, तुलाच हाय." त्यांच्या शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक होते. सकाळी उजाडता उजाडता आम्ही निघायचो. कळंब्याच्या तलावावर धुकं पडलेलं असायचं, कुठल्या तरी गुऱ्हाळाचा धूर त्यात मिसळलेला, आणि उसाचा रस कढईत आटत असल्याचा गोड वास काचा बंद असतानाही आत यायचा. स्टिअरिंग गार पडलेलं असायचं. पहिले काही दिवस मी त्याला इतकं घट्ट धरायचे की घरी आल्यावर चहाचा कप धरताना बोटं वळायची नाहीत.

आणि मग एका सकाळी ते सैल झालं. हात, पाय, डोळे एकमेकांना न विचारता आपापलं काम करायला लागले. आम्ही मुली लहानपणापासून कुणाच्या ना कुणाच्या मागं बसून गाव बघतो. पप्पांच्या, मामाच्या, चुलतभावाच्या मोटरसायकलवर. समोर शर्टाची पाठ असते आणि जग दोन्ही बाजूंनी पळत असतं. पुढं बसलं की पाठ नसते. रस्ता सरळ आपल्याकडं चालत येतो आणि त्याचं काय करायचं ते आपण ठरवायचं असतं. मला ते फार आवडलं. मी भराभर शिकले. मामा म्हणाले, "हात हाय पोरीला." तेवढ्यावर मी कॉलेजात दिवसभर तरंगत होते. मैत्रिणींना सांगून टाकलं, टेस्ट म्हणजे नुसती सहीपुरती गोष्ट आहे.

मागं मम्मी दोन सीटच्या मधोमध बसायची, पुढं वाकून.  एक दिवस मामांनी आरसा जरा वळवला आणि विचारलं, "वैनी, तुमी कवा शिकणार?"

"मी? मी बघते नुसतं."

"बघून बघून निम्मं झालंय तुमचं. हिनं चुकीचा गिअर टाकला की तुमी आधी च्यक करताय."

मी हसले. मम्मी हसली नाही. तिनं खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्या दिवशी माझी फेरी संपल्यावर मी गाडी कडेला घेतली, तर मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मम्मी शाल घडी करून सीटवर ठेवत होती. ती फिरून माझ्या दारापाशी आली आणि म्हणाली, "उतर."

ती बसली. सीट पुढं घेतली. आरसे लावले. हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मग मामांकडं न बघता म्हणाली, "मामा, पाय वर घ्या."

"आँ?"

"पाय वर घ्या. गाडी माझ्या पायांवर चालू दे."

मामांनी चपला काढल्या आणि त्या अरुंद जागेत चक्क मांडी घातली. गाडी बंद पडली. तिनं पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद पडली. मामा बडीशेप चावत समोर बघत होते. मागं बसून मला तो रंकाळ्याचा रस्ता आठवत होता. पण या गाडीत कुणीच ओरडत नव्हतं. पाच-सहा वेळा बंद पडून गाडी निघाली, आणि तलावाच्या टोकापर्यंत मम्मी बैलगाडीच्या चालीनं गेली. तिथं थांबून तिनं हँडब्रेक ओढला. तिच्या मानेवर त्या थंडीत घाम होता.

"उद्या पण," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी कच्चं लायसन एकदमच काढलं. वाहतुकीच्या खुणांचं पुस्तक मम्मी वाटाणे सोलता सोलता पाठ करायची. मी तिला विचारायचे, ती सांगायची, आणि कुणी चुकलं तर मीच चुकायचे. पप्पांना तिच्या शिकण्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. "सांगू का?" मी विचारलं. "नको," ती म्हणाली. "सांगितलं की काय म्हणतील ते मला पाठ आहे."

पक्क्या लायसनची टेस्ट थंडी ओसरायच्या आत आली. आरटीओच्या ट्रॅकवर सकाळचं कोवळं ऊन होतं. गाड्यांची रांग, रांगेत माझ्याच वयाची मुलं, एकेकाचे पाय उभ्या उभ्या हलत होते. माझे हलत नव्हते. मी आठचा आकडा काढला, गाडी उलटी घेतली, सगळं पाण्यासारखं. शेवटी चढ होता. चढावर थांबायचं आणि गाडी मागं न जाऊ देता पुन्हा वर न्यायची. मी थांबले. ब्रेक सोडला. गाडी मागं गेली. मी ब्रेक दाबला, पुन्हा सोडला, गाडी आणखी मागं गेली आणि बंद पडली. खाकी वर्दीतल्या मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा या. चढाचा सराव करा."

मी कठड्यावर जाऊन बसले. पुढचा नंबर मम्मीचा होता. ती त्रेचाळीस वर्षांची, साडीवर स्वेटर घातलेली, रांगेतल्या पोरांच्या मधून गाडीपर्यंत गेली. तिनं सगळं इतकं सावकाश केलं की मागचा एक मुलगा जांभई द्यायला लागला. चढावर ती थांबली. गाडी क्षणभर जागच्या जागी थरथरली, जणू काही ठरवत होती, आणि मग एक बोटभरही मागं न येता वर गेली.

ती पास झाली. मी नापास.

तेव्हा मला काय वाटलं ते स्वच्छ आठवतंय. तिचा हेवा वाटला नाही. पण आपल्याला काय झालं हे कळत नव्हतं, आणि न कळण्याचा मला भयंकर राग येत होता. परतताना मी मामांना विचारलं, की रोज त्या कात्यायनीच्या देवळाच्या बाजूच्या चढाला मी गाडी उचलायचे, मग आज का नाही? मामांनी बडीशेप तोंडात टाकली. मागून मम्मी म्हणाली, "तिथं मामा क्लचला पाय लावायचे. मला मागनं दिसायचं."

"खरं मामा?"

"लावायचो की," मामा म्हणाले. "मागं बैलगाडी असायची. बैलांच्या अंगावर घालू व्हय तुला?"

मी मम्मीकडं वळले. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू खूश होतीस," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "आता सांगितलं."

माझी दुसरी टेस्ट कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षेमुळं पुढं गेली. तोवर पोस्टानं मम्मीचं पक्कं लायसन आलं. कच्च्या लायसनवाल्याच्या शेजारी पक्कं लायसनवालं माणूस लागतं, असा नियमच आहे. त्यामुळं आमच्या पांढऱ्या गाडीवरची ताडपत्री निघाली, मागच्या काचेवर लाल अक्षर चिकटलं, मी ड्रायव्हरच्या सीटवर आणि मम्मी शेजारी. त्या बाजूला पायाखाली काहीही नव्हतं, नुसतं पायपुसणं. आम्ही रोज संध्याकाळी कात्यायनीच्या चढावर जायचो. मी थांबायचे, गाडी मागं जायची, मम्मी मागं वळून बघून सांगायची, "मागं कोणी नाही, पुन्हा." ती शिकवायची म्हणजे एवढंच करायची. मागं कोण आहे आणि कोण नाही ते सांगायची. एका संध्याकाळी क्लच सोडता सोडता माझ्या डाव्या पायाच्या तळव्याला ती जागा सापडली, जिथं गाडी मागंही जात नाही आणि पुढंही, नुसती थरथरते. मी तिथं पाय धरून ठेवला. हँडब्रेक सोडला. आम्ही दोघी चढावर जागच्या जागी उभ्या होतो आणि कुणाच्या पायाचा आधार नव्हता.

अजूनही मला ती जागा आवडते. माझी आताची गाडीही क्लचचीच आहे. मैत्रिणी म्हणतात, बिनक्लचची घे, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाहीत. मी नको म्हणते.

त्याच सुमारास पप्पांचा फोन आला. या सुट्टीला येत नाही म्हणाले. एसट्या भरून येतात, ड्युटी करून लोंबकळत यायचं त्राण नाही. त्यांचा आवाज खरंच खोल गेला होता. मम्मी म्हणाली, "बघू." पप्पांना वाटलं असेल ती नेहमीसारखं बोलतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं केसांना तेल लावून वेणी घातली, पर्समध्ये लायसन टाकलं आणि मला म्हणाली, "चल."

"मी चालवू?"

"येताना बघू. जाताना मी."

हंगामातला तो रस्ता तिनं काढला. ऊसतोडीच्या बैलगाड्या, त्यांच्या बैलांच्या शिंगांना बांधलेले रंगीत गोंडे, रस्त्याच्या कडेला वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकणाऱ्या बायका, ट्रॉलीमागं पळत ऊस ओढणारी शाळेतून सुटलेली पोरं. ती प्रत्येकाला वाट देत गेली. मागच्यांनी हॉर्न वाजवले तर म्हणायची, "वाजवू दे, त्यांना वाजवायला दिलाय." कारखान्याचं धुराडं आधी लांबून दिसलं, मग वास आला, मग काजळीचे काळे कण काचेवर बसायला लागले.

पाळी सुटली आणि पप्पा गेटातून बाहेर आले. त्यांनी गाडी ओळखली. हातातली पिशवी सावरत भराभर आले आणि सवयीनं सरळ ड्रायव्हरच्या दाराशी येऊन त्यांनी दार उघडलं. आत मम्मी. ती उठली नाही.

"मागं बसा," ती म्हणाली.

पप्पांनी गाडीच्या आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. "गाडी कुणी आणली?"

"मी."

"शिकलगार कुठं हाय?"

"त्यांच्या घरी असतील."

"आणि लायसन?"

मम्मीनं पर्स उघडून कार्ड दिलं. पप्पांनी चष्मा वर करून ते वाचलं. उलटं करून मागची बाजूही वाचली. गेटातून सुटलेली माणसं आमच्या बाजूनं जात होती, एकदोघं थांबली होती.  पप्पा चिडले असते तर ते चारचौघांत झालं असतं, आणि मग ती पुन्हा कधी त्या सीटवर बसली नसती, हे मला कळत होतं.

"हा फोटो कवा काढला?" पप्पांनी विचारलं.

"जानेवारीत."

"बरा आलाय," ते म्हणाले. कार्ड परत दिलं, दार लावलं आणि मागं जाऊन बसले.

गावाबाहेर पडल्यावर एक ट्रॉली आडवी आली. मम्मी तिच्या मागं लागून सावकाश जात राहिली. मागच्या सीटवर पप्पांचा उजवा पाय आपोआप गाडीच्या तळाला दाबला जात होता, मान वळवली की मला त्यांचा गुडघा दिसत होता.

"काढ की," ते म्हणाले. "मोकळा हाय रस्ता."

"मला पुढचं दिसंना अजून."

पप्पा मागं रेलले. बराच वेळ भोंग्यातलं गाणं आणि ट्रॅक्टरची फटफट. मग ते खिडकीकडं तोंड करून बोलायला लागले. "सुरेखा. त्या टायमाला रंकाळ्यावर मी जरा..."

"थांबा," मम्मी म्हणाली. "आत्ता बोलू नका. मला गाडी काढायचीय."

तिनं इंडिकेटर दिला, हॉर्न दिला, गिअर खाली घेतला आणि ट्रॉलीच्या त्या लांबलचक अंगाला धरून पुढं गेली. ट्रॅक्टरवाला आमच्याकडं बघत मागं गेला. रस्ता मोकळा झाला. ती पुन्हा आपल्या बाजूला आली, गिअर वर टाकला आणि म्हणाली, "हं. काय म्हणत होता?"

"काय न्हाय," पप्पा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "चांगली काढलीस."

आता मम्मी आजऱ्याला माहेरी एकटी जाते, मनाला येईल तेव्हा. येताना डिकीत घनसाळ तांदळाची पिशवी आणि मावशीनं दिलेले काजू असतात. पप्पा अजून हंगामात क्वार्टरमध्येच असतात. सुट्टी घ्यायची असली की आधी मम्मीला विचारतात, त्या दिवशी तिची गाडी मोकळी आहे का. घराच्या भिंतींना रंगही लागला, ऐन जानेवारीत, पप्पा घरी नसताना. रंग मम्मीनं निवडला, आणि तो मला आवडत नाही, पण ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या टेस्टला मी एकटीच गेले, म्हणजे मामा होते पण ते चहाच्या गाड्यावर थांबले. त्याच मॅडम होत्या. चढावर मी थांबले. पाय ती जागा शोधत गेला. गाडी थरथरली. मी हातानं नव्हे, पायाच्या तळव्यानं ऐकत होते. आणि मग मी हँडब्रेक सोडला. वर पोहोचल्यावर मॅडमनी मान वर न करता विचारलं, "सराव केला वाटतं?" मी म्हटलं, "हो, आईबरोबर." त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

कार्ड आलं त्या दिवसापासून ते मी पाकिटात ठेवून हिंडत होते आणि मला एकच आस होती, की कुणीतरी ते मागावं. पण आठवडाभर कुणी मागितलंच नाही. ताराराणी चौकात हवालदार दिसला की मी मुद्दाम हळू व्हायचे. तो हात हलवून पुढं जायला सांगायचा. माझ्या वर्गातल्या मुलांना लायसन नसताना रोज पकडायचे, आणि माझ्याकडं असताना मला कुणी विचारायला तयार नव्हतं. मम्मी शेजारी बसलेली असायची म्हणून असेल.

मग पप्पांची पुढची सुट्टी संपली आणि सकाळी ते बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाले, "प्रणाली, मला कारखान्यावर सोड." मम्मी स्वयंपाकघरात होती. तिनं बाहेर येऊन आमच्या दोघांकडं बघितलं आणि पुन्हा आत गेली. जाताना पप्पा शेजारी बसले. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि गेट येईपर्यंत ते वाचलं. एकदाही क्लच म्हणाले नाहीत. उतरताना पिशवी घेतली, दार लावलं, खिडकीतून म्हणाले, "पोचलीस की मम्मीला फोन करायला सांग." आणि वळून गेटातून आत गेले.

गाडीत मी एकटी होते. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या घरात मला स्वतःची खोली नव्हती, कॉलेजला जाताना बस, बसमध्ये मैत्रिणी, घरी मम्मी. कुणीही बघत नाही अशी जागा मला तोवर कधी मिळालीच नव्हती. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. मग गाडी वळवली आणि निघाले. पहिल्या दोन-तीन मैलांत मी मोठ्यानं गाणं म्हटलं, बेसूर. मग गाणं थांबवून स्वतःशी बोलले. काय बोलले ते सांगणार नाही.

कोल्हापूरच्या अलीकडं एका फाट्यावर हवालदार उभा होता. मिशा पांढऱ्या झालेल्या, काखेत काठी. त्यानं माझ्याकडं बघून हात केला आणि गाडी कडेला घ्यायला लावली. कडेला घेताना गाडी बंद पडता पडता राहिली.

"लायसन?"

मी पाकीट काढलं. कार्ड काढलं. दोन्ही हातांनी दिलं. त्यानं ते बघितलं, मग माझ्या चेहऱ्याकडं बघितलं.

"हसायला काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "पहिल्यांदाच कुणीतरी मागितलं."

त्यानं कार्ड उन्हात धरून पुन्हा नीट वाचलं, नावापासून पत्त्यापर्यंत. "आणि कोण हाय संगं?"

"कोणी नाही. एकटीच आहे."

"कुठनं आलीस?"

"पप्पांना कारखान्यावर सोडून आले. घरी चाललेय."

"ह्या सगळ्यातनं?" त्यानं काठीनं रस्ता दाखवला. एकामागं एक ट्रॉल्या येत होत्या, मध्ये फट म्हणून नव्हती.

"हो."

त्यानं कार्ड माझ्या हातात दिलं. मग तो रस्त्याच्या मधोमध गेला, पाठमोरा उभा राहिला आणि हात उंच केला. पहिला ट्रॅक्टर करकरत थांबला. त्याच्या मागचा थांबला. त्याच्याही मागचा. एक भोंगा बंद झाला, मग दुसरा. उसानं लादलेल्या त्या सगळ्या ट्रॉल्या जागच्या जागी थरथरत उभ्या राहिल्या, वरून माणसं वाकून बघायला लागली, कोण एवढं मोठं चाललंय. हवालदारानं मान वळवली आणि मला म्हणाला, "चला बाई. दमानं."

मी इंडिकेटर दिला आणि रस्त्यावर आले.